पश्चिमेकडचं मोकळं आकाश

त्यांचं पहिलं भांडण झालं ते एका डिशवरून, आणि तेही अगदी हलक्या आवाजात.

जुन्या विजेच्या सामानाचं ते दुकान म्हणजे नुसता पसारा होता. मोडके पंखे, वायरींची भेंडोळी, पोट उघडून ठेवलेले रेडिओ. अगदी मागच्या भिंतीशी एक भलीमोठी डिश उभी होती. तिने ती डावीकडून धरून ओढली, तर हलेना. पुन्हा ओढली. मग लक्षात आलं की पलीकडूनही कुणीतरी ओढतंय.

"सोडता का जरा?" ती म्हणाली.

"मी हेच तुम्हाला विचारणार होतो," डिशच्या मागून आवाज आला.

"मी आधी धरलीय."

"मी आधी पाहिलीय. मघापासून डोळा आहे माझा तिच्यावर."

मग डिशच्या वरच्या कडेवरून एक चेहरा हळूच उगवला. विस्कटलेले केस आणि कपाळावर चढवून ठेवलेला चष्मा. तो चष्मा नाकावर यावा म्हणून त्याने मान खाली झटकली, कारण हात सोडायची त्याची तयारी नव्हती. चष्मा आला, पण तिरका. तिला हसू फुटणार होतं… तिने ओठ आवळून धरले.

"करणार काय तुम्ही हिचं?"

"रंगवणार. मधोमध काळं बुबुळ काढायचं आणि दुकानावर टांगायची. चष्म्याचं दुकान आहे माझं, गल्लीच्या टोकाला. लोकांना दिसतच नाही."

"चष्म्याचं दुकान दिसत नाही?"

"म्हणून तर त्यांना चष्म्याची गरज आहे ना."

आता मात्र ती हसली. पण डिश काही सोडली नाही. हसू ओसरल्यावर तिने जे सांगितलं, ते ती एरवी परक्या माणसाला कधी सांगती ना.

"मला हिच्यात एक भाषा पकडायचीय," ती म्हणाली. "माझ्या काकूसाठी."

तिची आई ती लहान असतानाच गेली. वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा पाहुण्यासारखे यायचे. तिला वाढवलं ते काका-काकूंनी. काकू दूरच्या देशातली, काकाने कामानिमित्त गेला असताना तिकडेच पसंत केलेली. आली तेव्हा तिला इथला एक शब्द येत नव्हता. पण ती शिकली. भाजीवाल्याशी हुज्जत घालण्याइतकी शिकली, पुतणीला अभ्यासावरून बोलण्याइतकी शिकली, आणि शेवटी काकाच्या आजारपणात डॉक्टरांशी भांडण्याइतकी शिकली. काका गेल्यावरही ती माहेरी परत गेली नाही. "या पोरीचं कोण बघेल?" एवढंच म्हणाली होती.

आणि मग आदल्या हिवाळ्यात काकूला पक्षाघाताचा झटका आला. हातापायांतली ताकद हळूहळू परतली, पण इथली भाषा परतली नाही. कष्टाने मिळवलेला एकेक शब्द जणू कुणी पुसून टाकला. उरली ती फक्त लहानपणची, माहेरची भाषा, आणि ती समजणारं या गावात एकही माणूस नव्हतं. सुरुवातीला काकू बोलायची. समोरचा नुसता बघत राहतो म्हटल्यावर तिने बोलणंच सोडलं. दिवसभर खुर्चीत बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत राहायची.

"तिच्या देशाचा एक चॅनेल आहे," ती सांगत होती. "मोबाइलवर लावायला गेलं की 'तुमच्या भागात उपलब्ध नाही' असं येतं. मोठ्या दुकानात गेले, तर तिथल्या माणसाने मला शेकडो चॅनेल दाखवले. स्वयंपाकाचे, कुस्तीचे, कार्टूनचे. तिच्या भाषेतला एकही नाही. मग कुठेतरी वाचलं की आकाशातून तो फुकट येतो, फक्त पकडता आला पाहिजे. आणि त्याला मोठी डिश लागते. एवढंच कळलंय मला. पुढचं ओ की ठो कळत नाही."

चष्मेवाल्याने डिश सोडली. दोन्ही हात तिच्याकडे करून, जणू पोर कडेवर द्यावं तशी अलगद सोडली.

"बुबुळ काय, पत्र्यावरही काढता येतं," तो म्हणाला.

ओझं एकदम अंगावर आल्याने ती डिशसकट मागे सरकली आणि वायरींच्या भेंडोळ्यावर बसली. त्याने हात दिला. हात दिला तो दिला, वर म्हणाला, "ही एकटीने न्यायची म्हणजे वाऱ्याचे दिवस आहेत, पतंगासारख्या उडाल. चला, एक कड मी धरतो."

दुकानापासून तिच्या घरापर्यंत ते दोघं डिशच्या दोन कडा धरून चालत होते. वारा आला की डिश त्यांना एका बाजूला खेचायची, मग दोघं तिरके चालायचे.

"तुम्ही काय करता?" त्याने विचारलं.

"कवळ्या बनवते. दातांच्या लॅबमध्ये."

"म्हणजे तुमच्याकडे दात, माझ्याकडे डोळे." तो थोडा विचारात पडला. "आता फक्त नाकाचा बंदोबस्त करायचा राहिला. मग अख्खं माणूस उभं करू आपण."

'आपण' हा शब्द तिने ऐकला… आणि न ऐकल्यासारखं केलं.

खरं सांगायचं तर त्यालाही या विषयातलं फारसं काही येत नव्हतं. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा, अशीच जोडी होती. पण त्याने वाचून काढलं आणि पुढच्या रविवारी तो बॅटरी घेऊन तिच्या घरी हजर झाला. टेबलावर बॅटरीचा झोत टाकून तो म्हणाला, "हे बघा. उपग्रहाने झोत टाकलाय तो काकूंच्या देशावर. आपण बसलोय या इथे, टेबलाच्या कडेला. इथे उजेड येतो, पण पुसट. म्हणून मोठी डिश लागते. जितकी मोठी, तितका जास्त उजेड ओंजळीत येतो. आणि तो सगळा एका ठिकाणी गोळा होतो तो इथे, दांड्याच्या टोकावरच्या डब्यात. याला एलएनबी म्हणतात. भिंगाचंच काम आहे सगळं."

"आणि माझं काय काम?"

"तुम्ही कौतुकाने बघायचं."

तिने कौतुकाने बघितलं नाही. केबलचं टोक सोलताना त्याने आतली तार कापून ठेवली, तेव्हा तिने त्याच्या हातातून केबल काढून घेतली, लॅबमधली आपली बारीक सुरी आणली आणि वरचं साल असं उतरवलं की आतल्या जाळीचा एक धागा तुटला नाही. पिन घट्ट बसवून तिने केबल त्याच्यासमोर ठेवली.

"आता तुम्ही कौतुकाने बघा," ती म्हणाली.

त्याने बघितलं. केबलकडे कमी आणि तिच्याकडे जास्त. ती उगाचच उठून चहा टाकायला गेली.

रिसीव्हर मिळवताना त्यांची चांगलीच फसगत झाली. तिने हौसेने एक चकचकीत बॉक्स आणला. चालू केल्यावर पडद्यावर एकच ओळ आली, 'कार्ड घाला'. तो बॉक्स एका कंपनीच्या दावणीला बांधलेला होता. त्या कंपनीशिवाय दुसऱ्या कुणाचा चॅनेल तो दाखवणार नव्हता. तो परत करायला तिला अर्धा दिवस वाद घालावा लागला. मग दोघांनी मिळून दुरुस्तीची दुकानं पालथी घातली. 'कुठल्या कंपनीचा नको, मोकळा हवा, फुकटचे चॅनेल पकडणारा,' हे वाक्य म्हणून म्हणून तिचा घसा बसला. शेवटी एका कपाटाच्या तळाशी, धुळीत माखलेला एक साधा रिसीव्हर निघाला. चष्मेवाल्याने तो आपल्या खिशातल्या काचा पुसायच्या मऊ फडक्याने तिथेच उभ्या उभ्या पुसला. तिला का कोण जाणे, ते फार आवडलं.

सगळं जमलं. डिश तिच्या गच्चीवर चढली. आणि तिथे खरा घोळ कळला.

उपग्रह होता पश्चिमेला, खूप खाली, क्षितिजाला टेकल्यासारखा. आणि तिच्या घराच्या पश्चिमेला उभी होती नव्याने बांधलेली एक उंच इमारत. दोघांनी डिश या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरवली, वर केली, खाली केली. पडद्यावरची सिग्नलची पट्टी काही हलली नाही. भिंतीतून उजेड येतो का कधी?

संध्याकाळ झाली. तिने हातातला पाना खाली ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही खूप केलंत… खरंच खूप केलंत."

खाली काकू खुर्चीत बसली होती. गेले काही दिवस घरात काय खटाटोप चाललाय, याची तिने एकदाही चौकशी केली नव्हती. चष्मेवाला जाताना तिच्यापाशी थांबला, वाकला, आणि कळणार नाही हे माहीत असूनही म्हणाला, "येतो हं, काकू."

दुसऱ्या दिवशी तो लॅबच्या दारात उभा. दुकान उघडायच्या आधीच आला होता. केस नेहमीपेक्षा जास्त विस्कटलेले.

"माझ्या दुकानाच्या वर माझी खोली आहे," तो घाईने म्हणाला. "तिच्या पश्चिमेला काही नाही. नदी आहे, आणि मग… काहीच नाही. नुसतं आकाश. रोज सूर्य बुडताना दिसतो मला. माझ्या डोक्यात आधीच यायला हवं होतं."

"पण मग टीव्ही तुमच्याकडे ठेवावा लागेल."

"माझ्याकडे टीव्ही नाहीच. तुमचा आणा. आणि काकूंनाही आणा. जिना सोपा आहे, कठडाही आहे."

"लोकांना रोज रोज त्रास द्यायचा…"

"लोकांना नाही, मला द्या," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून चष्मा पुसायला लागला.

पुढच्या रविवारी दुपारी तो छपरावर होता आणि ती खिडकीशी, पडद्याकडे बघत. काकूला पलंगाशेजारच्या खुर्चीत बसवलं होतं.

"जरा डावीकडे," ती खिडकीतून म्हणाली.

"कुणाच्या डावीकडे?"

"तुमच्या."

"मी उलटा उभा आहे. माझी डावी म्हणजे तुमची उजवी."

"मग माझ्या डावीकडे."

"ती तर मला आता आठवतच नाही, कुठे होती ते."

"नदीकडे सरकवा हो, नदीकडे… थोडी… अजून थोडी… थांबा. हलू नका. श्वाससुद्धा घेऊ नका."

पट्टी चढली होती. तिने घाईघाईने रिमोटची बटणं दाबली. पडदा काळा झाला, मग निळा, आणि मग निळ्या जाकिटातली एक बाई नकाशापुढे उभी राहून बोलू लागली. हवामानाच्या बातम्या होत्या. नकाशावर ढगांची चित्रं सरकत होती.

काकूने मान वळवली.

तिचे ओठ हलले. आधी आवाज आला नाही. मग त्या बाईने एका गावाचं नाव घेतलं असावं, कारण काकूने तेच नाव पुन्हा उच्चारलं, आणि पुढे काहीतरी बोलली. मग आणखी काहीतरी. मग ती चक्क त्या बाईशी वाद घालू लागली, हात हलवून, भुवया चढवून, अगदी पूर्वी भाजीवाल्याशी घालायची तसा. बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

चष्मेवाला छपरावरून उतरून दारात आला. "आलं का चित्र?" त्याने विचारलं. तिने त्याचा हात धरला… आणि बराच वेळ सोडला नाही.

मग तो नेमच झाला. लॅब सुटली की ती काकूला घेऊन यायची. काकू बातम्या बघायची, मुलांचा कार्यक्रम बघायची, पण खरी आवड हवामानाची. पाऊस जोरात आला की पडद्यावरचं चित्र चौकोनाचौकोनात तुटायचं आणि मग विरून जायचं. अशा वेळी काकू खुर्चीतच डुलकी काढायची. खिडकीवर पावसाची टपटप, खालून नदीचा ओला वास, आणि ही दोघं हळू आवाजात बोलत बसायची. किती दिवस झाले होते 'तुम्ही' जाऊन 'तू' आलं त्याला, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"एक गोष्ट मला टोचते," अशाच एका पावसात ती म्हणाली. "ती आमच्यासाठी अख्खी भाषा शिकली. आम्ही तिच्या भाषेतला एक शब्द शिकलो नाही. काका थोडंफार बोलायचा. मी… मला कधी सुचलंसुद्धा नाही."

"मग आता शीक. शिकवणी घरात बसलीय."

ती खरंच शिकू लागली. बातम्या संपताना ती निळ्या जाकिटातली बाई रोज एक शब्द म्हणायची आणि मान झुकवायची. त्याचा अर्थ काय, ते तिने काकूला खुणेने विचारलं. काकूने तिच्या हातात पाण्याचा पेला दिला, मग तो परत स्वतःच्या हातात घेतला, छातीवर हात ठेवला आणि तो शब्द म्हणाली.

आभार.

तिने तो शब्द मनातल्या मनात घोळवला. मग काकूसमोर खाली बसली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली. उच्चार चुकला असणार. पण कशाकशाचे आभार, ते काकूला बरोबर कळलं. वेण्या घातल्याचे, तापात जागल्याचे, माहेरी परत न गेल्याचे. काकूने तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. दारात उभा असलेला चष्मेवाला पाय न वाजवता जिना उतरून गेला.

पण माणसाचा स्वभाव असा, की उपकार वाढत गेले की तो अवघडतो. तिचंही तसंच झालं. कुणाची खोली, कुणाची खिडकी, आणि आपण रोज ठाण मांडून बसतो. तिने गुपचूप शोधाशोध केली, आणि गावाबाहेर, पश्चिमेला मोकळं माळरान असलेलं एक घर तिला मिळालं. मोठ्या आनंदाने तिने ते त्याला सांगितलं.

"आता तुझी सुटका," ती म्हणाली.

"छान," तो म्हणाला.

तेवढंच. मग तो खाली दुकानात गेला आणि गिऱ्हाईक नसताना काचा घासत बसला. त्याला आनंद झालेला दिसला नाही याचं तिला वाईट वाटलं. आणि झालेला दिसला असता, तर त्याहून वाईट वाटलं असतं, हेही तिला त्याच रात्री कळलं. पण घर ठरवून झालं होतं. आता बोलायचं कोणत्या तोंडाने?

डिश काढायला ती पाना घेऊन आली, तेव्हा स्वच्छ दुपार होती. काकू नेहमीच्या खुर्चीत, चालू टीव्हीसमोर होती. तो खिडकीपाशी उभा होता, पाठमोरा.

"बोल्ट गंजले असतील," तो म्हणाला. "सहज निघायचे नाहीत."

"मग जोर लावीन."

"वाराही आहे."

"वारा तर रोजच असतो इथे."

तो वळला. तिच्याकडे न बघता सरळ काकूसमोर जाऊन गुडघ्यांवर बसला, खोल श्वास घेतला, आणि बोलू लागला… काकूच्या भाषेत.

ती पाना धरून जागच्या जागी थांबली. तो कधी शिकला? आणि शिकला तरी कोणाकडून, तर त्या निळ्या जाकिटातल्या बाईकडून. कारण त्यातले काही शब्द आता तिलाही ओळखता येत होते, आणि ते सगळे हवामानाचे होते. ती घरात… ऊन. ती जाते… ढग. उद्यापासून… सगळीकडे पाऊस, फार मोठा पाऊस. मग तो अडला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "इथे पाऊस."

काकू त्याच्याकडे बघत राहिली. मग खुदकन हसली. त्याचा एक शब्द चुकला होता, तो तिने सुधारून दिला. त्याने आज्ञाधारकपणे पुन्हा म्हटला.

"काय सांगतोयस तू तिला?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"तुला मागतोय," तो म्हणाला. "तुला विचारायचं धाडस नव्हतं. तुझ्या मनात असेल तरच बरं का. नसेल तर मी स्वतः बोल्ट काढून देतो, त्या माळावर येऊन डिश लावूनही देतो. त्या डिशने मला काय काय दिलंय… मी तिचं नुसतं बुबुळ करणार होतो."

ती हातातला पाना नुसताच फिरवत राहिली. काकूने तिच्याकडे पाहिलं. काकूच्या कपाळावर आठी पडली. एखादं जड ओझं उचलताना पडते तशी. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"हो," काकू म्हणाली. थांबली. मग इथल्या भाषेतला दुसरा शब्द तिने कुठूनसा ओढून आणला. "हो… म्हण."

पाना हातातून खाली पडला. ती काकूपाशी धावली, गळ्यात पडली, हसू लागली, रडू लागली. काकूच्या खांद्यावरूनच तिने त्याच्याकडे पाहिलं. तो अजून गुडघ्यांवरच होता, चष्मा तिरका, जीव कानांत गोळा करून.

"हो," ती म्हणाली. मग तिला तो दुसरा शब्दही आठवला, पाण्याच्या पेल्यातून शिकलेला. तोही म्हणाली, आधी काकूला आणि मग त्याला.

तो काहीतरी बोलणार होता. बरंच काही बोलणार होता. पण तेवढ्यात पडद्यावर नकाशा आला, आणि काकूने बोट ओठांवर ठेवून दोघांनाही गप्प बसवलं.